वहिनीच्या फोटोतले आबा

मी धुळ्याला एका शाळेत गणित शिकवते, आणि घरी आल्यावर माझ्या दोन मुलांचे फोटो बिघडवते. बिघडवते हाच शब्द बरोबर आहे. एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याचं तोंड काळंठिक्कर, आणि मागची खिडकी अशी लख्ख की वाढदिवस तिचाच असावा. असाच एक फोटो मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर माहेरहून लगेच मोहिनी वहिनीचा निरोप आला : "ताई, खिडकी मुलांच्या पाठीमागे नको, तोंडासमोर घ्या. आणि मोबाईलची काच पुसा."

मला राग आला. भाचे किती गोड दिसतात हे राहिलं बाजूला, हिला काच दिसली. तरी पुसली. काचेवर माझ्याच बोटांचं फोडणीचं तेल होतं. मग पोरांना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि फोटो काढला, तर पहिल्यांदाच माझी मुलं माझ्या मुलांसारखी दिसली. तेव्हापासून मी वहिनीला फोन करून विचारत असते आणि ती सांगत असते, पण तिचं सांगणं म्हणजे शिकवणी नसतं. पोळ्या लाटता लाटता सांगते.

"वहिनी, माझी पोरं सारखी हलतात."

"हलू द्या की. फक्त उजेडात हलू द्या. दारात खेळायला बसवा."

"लांबून छोटे दिसतात."

"मग मोठं करायला बोटं कशाला ताणता? दोन पावलं पुढे जा. आणि उभ्याने काढू नका, नुसता भांग येतो. जमिनीवर बसा."

"घरात पसारा किती पडलेला असतो!"

"पसारा तुमचाच आहे ना? असू द्या त्याला पण फोटोत."

वहिनी दीपनगरची. वडील वीज केंद्रात होते, ती तिथल्या कॉलनीत वाढली, सायकलवर हिंडली, भुसावळला बी. कॉम. झाली आणि माझ्या भावाशी, हितेंद्रशी, लग्न करून पाचोऱ्याजवळ गिरणाकाठच्या आमच्या गावात आली. आमच्याकडे केळी आणि कपाशी. घरात माझे वडील लोटनआबा, आई कुंदाबाई, हितेंद्र, वहिनी आणि आता त्यांची मेघा.

वहिनी आली तेव्हा आईने तिला घरची रीत सांगितली. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर, मान खाली, समोरासमोर बोलायचं नाही. आईला तिच्या सासूने जसं सांगितलं होतं, तसंच तिने पुढे सांगून टाकलं. पुढे गाव बदललं. शेजारच्या सुना गाऊनवर ओढणी टाकून ओट्यावर येतात आणि सासऱ्याला 'पप्पा' म्हणतात. आमच्याकडेही कोणी हट्ट धरून बसलं नव्हतं. पण "आता राहू दे" असं वहिनीला म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. ती कॉलनीतून आलेली, आमची अहिराणी आणि आमच्या रीती तिने अभ्यासाला बसावं तशा शिकून घेतल्या होत्या, आणि अभ्यास केलेलं माणूस विसरत नाही. गावात जन्मलेली सून जिथे सवलत घेते, तिथे ही घेत नसे.

त्यामुळे आबांचं आणि तिचं सगळं दळणवळण आडून चाले. "मेघा, आबांना म्हण, पान वाढलंय." आबाही स्वयंपाकघराच्या दाराशी आले की आधी खाकरायचे. खाकरलं की वहिनीचा हात पदराकडे जायचा. मग आबा भिंतीला सांगितल्यासारखं "पानी" म्हणायचे आणि वहिनी उंबऱ्यावर तांब्या ठेवायची. मळ्यातली पहिली पिकलेली पपई आबा त्याच उंबऱ्यावर ठेवून जात. "सुनेसाठी" असं तोंडाने कधी म्हटलं नाही, पण पपई घरात दुसऱ्या कोणाला आवडतच नाही.

फोटोंचा नाद तिला मेघा रांगायला लागली तेव्हा लागला. सुरुवातीला तीही आम्हाला रांगेत उभं करायची. आमच्या घरात फोटो म्हणजे काय, ते सांगते. सगळ्यांनी तोंड धुवायचं. आईने घडीचं लुगडं नेसायचं. हितेंद्रने श्वास ओढून पोट आत घ्यायचं. मग भिंतीला पाठ लावून, हजेरीला उभं राहावं तसं उभं राहायचं आणि हसू विसरायचं. वहिनीच्या एवढंच लक्षात आलं की 'फोटो' हा शब्द उच्चारायच्या आधीची माणसं चांगली असतात आणि नंतरची बिघडतात. मग तिने तो शब्दच बंद केला.

ती मोबाईल हातात घेऊन कामं करते. सकाळी पूर्वेच्या दारातून ऊन आत येतं, तेव्हा घरातलं निवडण-टिपण ती मुद्दाम दाराशी घेऊन बसते आणि आईलाही तिथेच बसवते. आईला वाटतं, उजेडात खडे नीट दिसतात म्हणून. मधेच वहिनी मोबाईल वर करते, काच पदराने पुसते, एक-दोन फोटो घेते आणि पुन्हा निवडायला लागते. काढलेला फोटो लगेच बघत नाही. "बघत बसलं की पुढचा जातो," म्हणते.

असे तिचे फोटो. आईच्या चष्म्यावर पिठाचं बोट उमटलंय आणि आईला त्याचा पत्ता नाही. मेघा वेणी घालतेय, रिबिनीचं एक टोक दातात. हितेंद्र दुपारचा ओट्यावर आडवा, पोट जसं आहे तसं. मला हे फोटो धुळ्याला मिळत. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ते बघायचे आणि मला भर दुपारी माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

गेल्या अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, मी माहेरी गेले. आखाजीला लेकी माहेरी येतात, आमरस-पुरणपोळी होते, बायका झोके घेतात आणि पुरुष निंबाखाली पत्त्यांचा डाव मांडतात. या वेळी हितेंद्रने एक कौतुकाचं काम केलं होतं. वहिनीने ग्रुपवर टाकलेल्या फोटोंतले चांगले चांगले निवडून त्याने पाचोऱ्याच्या स्टुडिओतून जाड पानांचा अल्बम करून आणला होता. वहिनीला आधी सांगितलं नव्हतं. तिने अल्बम बघितला आणि लाजून आत निघून गेली.

अल्बम घरात फिरून निंबाखाली गेला. पत्ते बाजूला ठेवून मंडळी पानं उलटायला लागली. आबांचा जुना जोडीदार छगननाना, गावातला सगळ्यात आगाऊ म्हातारा. त्याने शेवटचं पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून बघितलं आणि ओरडला, "लोटनभाऊ, बठ्ठासनं तोंड शे, तुनी नुसती पाठ! सूननी तुले घरमाईन काढी दिन्हं का काय?"

सगळे खो खो हसले. आबाही हसले. पण त्यांनी अल्बम मागून घेतला आणि स्वतः पाहिला. खरंच होतं. अख्ख्या अल्बममध्ये आबा फक्त तीनदा होते आणि तिन्ही वेळा पाठमोरे. आई समोरून, हितेंद्र समोरून, मेघा तर पानोपानी. इतकंच काय, आमची म्हैससुद्धा कॅमेऱ्याकडे बघत होती. ग्रुपवर एकेक फोटो येत होता तोवर हे कोणाच्या डोळ्यात भरलं नव्हतं. आबांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे त्यांनी तर हे फोटो त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिले.

संध्याकाळी आबांनी घोंगडी आणि उशी काखेत मारली. "केळीले पानी देनं शे. मी मळामाच राहसू," म्हणाले.

केळीला ठिबक आहे आणि ते हितेंद्र बघतो. सगळ्यांना हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशीही ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मळ्यातल्या खोलीत पत्रे तापतात, दुपारी आत बसवत नाही. डबा जायचा तो अर्धा परत यायचा. आई बोलवायला गेली आणि तशीच परत आली. वहिनी आत भांडी घासत होती. तिला ऐकू जाईल अशा बेताने आई मला म्हणाली, "तुना आबा म्हनतस, मनं तोंड देखाना कटाळा येस तिले, तर मी दूरच बरा शे."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी गेले तर वहिनी राखेचे हात तसेच धरून रडत होती. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आबांचा रागही आला. एवढा मोठा माणूस, केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रक भरलेला, आणि फोटोसाठी रुसून मळ्यात जाऊन बसतो! पण रुसवा फोटोचा नव्हता, हेही कळत होतं. ज्या घरात आपण म्हातारे झालो, त्या घराला आपलं तोंड नकोसं झालं, असं एकदा मनात बसलं की माणसाला भाकरी गोड लागत नाही.

वहिनीने मोबाईल उचलून कपाटावर ठेवून दिला. मेघाने झोक्यावरचा फोटो काढ म्हणून हट्ट केला, तर "आता नाही," म्हणाली. हितेंद्र वैतागला होता. "त्यात काय एवढं?" तो तिला म्हणाला, "मळ्यात जा, आबांचा समोरून झकास एक फोटो काढ. विषय संपला."

मी तिच्याबरोबर गेले. येतोय असा निरोप मेघाबरोबर आधीच गेला होता. बघते तर आबा तयार! धुतलेला सदरा, टोपी, दाढी केलेली. बाजेवर ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर. राग आहे असं दाखवत होते, पण टोपी मात्र दोनदा सारखी केली. मला हसू आलं.

वहिनीने पदर पुढे ओढला, मोबाईल हात लांब करून समोर धरला. मान खालीच. बटण दाबलं आणि ती तशीच उभी राहिली.

"देखू दे," आबा मला म्हणाले.

मी मोबाईल घेतला. फोटोत सदऱ्याची बटणं होती, गुडघ्यांवरचे हात होते, बाजेची सुतळी होती. गळ्याच्या वर काही नव्हतं. डोकं उडालेलं.

लपवायला सवड मिळाली नाही, आबांनी पाहिलं. ते उठले आणि विहिरीकडे निघून गेले. पुन्हा पाठच.

परतताना केळीच्या मधल्या वाटेवर मी वहिनीवर चिडलेच. "अगं, उंदराच्या शेपटीचा फोटो नीट काढतेस तू! एकदा मान वर करायला काय झालं होतं?"

"नाही होत, ताई," ती म्हणाली. "हात वर होतो, मान होत नाही. मला आबांचं तोंड ठाऊकच नाही हो नीट. लग्नाच्या फोटोत बघितलं तेवढंच. बाजारात समोरून आले तर कदाचित ओळखायला चुकेन. पण पाठमोरे कुठेही ओळखीन. दमून आले की त्यांचा उजवा खांदा उतरलेला असतो. गुडघा दुखत असला की ओट्यावरून उतरताना भिंतीला हात लावतात. तसं दिसलं की मी तेल कोमट करून आईंकडे देते, लावायला सांगते. मला वाटायचं मी त्यांचा मान ठेवतेय. माझ्या मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच आहेत. सगळे ग्रुपवर कशी टाकू? सासऱ्याचे चोरून फोटो काढते म्हणतील."

मी वाटेतच उभी राहिले. "मोबाईल दे इकडे," म्हटलं.

दुपार कलल्यावर मी एकटीच पुन्हा मळ्यात गेले. आबा बाजेवर पडलेले होते. मी शेजारी बसले, त्यांना चष्मा दिला आणि वहिनीचा मोबाईल समोर धरला. त्यांना बोटाने फोटो सरकवता येईना, मी सरकवत होते.

आबा ओट्यावर पेपर वाचताना, मागून, कानाच्या कडेवर सकाळचं ऊन. आबांचे हात शेंगा सोलताना. आबांच्या चपला, एका बाजूने झिजलेल्या, दाराशी. आबा मळ्याकडे निघालेले, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा, पाठीवर ठिगळ. मेघाला खांद्यावर घेतलेले आबा. पावसात पोतं पांघरलेले आबा. ओट्यावरून उतरताना भिंतीला लावलेला हात. किती सरकवले तरी संपेनात.

"हाऊ मी शे?" ठिगळाच्या फोटोवर थांबून त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. ठिगळ कोणी लावलं?"

"तुनी मायनी."

"आईला सुईत दोरा ओवता येतो का आता? वहिनीने लावलं. गुडघ्याचं तेल कोण गरम करतं? तीच. तुमचा खांदा उतरलेला दिसला की तिला कळतं तुम्ही दमलात. तुमच्यापेक्षा आधी कळतं." मग मी त्यांना सगळं सांगितलं. आईने घातलेली शिस्त, वहिनीने ती कशी घट्ट धरून ठेवली, सकाळचा तो बिनडोक्याचा फोटो का तसा आला. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. वर्गात चढतो तसा.

आबांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मी बी तिनं तोंड कोठे देखेल शे?"

 खरंच होतं ते. सून उंबऱ्याशी आली की हे दुसरीकडे बघणार, तीच त्यांचीही रीत होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हाऊ फोटो कसा काढतस वं?"

मी माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि वहिनीने मला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. उजेड आपल्या पाठीशी किंवा बाजूला ठेवायचा. लांबून ताणायचं नाही, जवळ जायचं. 'बघ इकडे' म्हणायचं नाही. काम चालू असताना, मध्येच काढायचा. आबांनी बाजेचा काढला, बादलीचा काढला, माझ्या पायांचा काढला. प्रत्येकात त्यांचा अंगठा होता. घरी चला म्हटलं, तर "देखसू," एवढंच म्हणाले.

मला निघावं लागलं. मुलांची आणि माझी धुळ्याची बस होती. बसमध्ये मला कशातच गोडी वाटेना. आबा आले नव्हते, वहिनीचा मोबाईल मी तिला परत दिला तर तिने तो पुन्हा कपाटावर ठेवला होता. आई दाराशी उभी होती, तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

पुढचे दोन-तीन दिवस ग्रुपवर काहीच आलं नाही. मग एका सकाळी, मी मुलांचे डबे भरत होते, तेव्हा आईच्या फोनवरून एक फोटो आला.

आमचं स्वयंपाकघर. पूर्वेच्या दारातून ऊन आत आलेलं. वहिनी पोळपाटासमोर बसलेली, पाठमोरी. तिचा पिठाने माखलेला हात डोक्याकडे गेलेला आहे, पदर अर्धा वर आलाय, अजून डोक्यावर पोचलेला नाही. काठाला पिठाची बोटं लागलीत. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक जाडजूड अंगठा. आणि सगळ्यावर धुक्यासारखा तेलकट थर.

अंगठा मी ओळखला. म्हणजे आबा घरी आले होते. उंबऱ्याशी उभे राहून, नेहमीसारखे खाकरले होते. तिचा हात नेहमीसारखा पदराकडे गेला होता. या वेळी आबांनी पाणी मागितलं नव्हतं.

मी डब्याची झाकणं तशीच टाकून खाली बसले. ग्रुपवरचे जुने फोटो मी वर वर सरकवत गेले. आई, हितेंद्र, मेघा, मी, माझी मुलं, म्हैस. वहिनीचा एकही नव्हता. हा पहिला.

खाली हितेंद्रने हात जोडल्याचं चित्र टाकलं. आईच्या फोनवरून मेघाने लिहिलं, "आबांनी काढला!!" मग वहिनी लिहितेय असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. कपाटावरून मोबाईल खाली आला होता तर.

शेवटी तिचा निरोप आला. इतक्या वर्षांत तिने सासऱ्याला स्वतःहून, मध्ये कोणाला न घालता म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"आबा, पुढच्या वेळी काच पुसून घ्या."

मी मोबाईलकडे बघत राहिले. मुलं डबा मागत होती. थोड्या वेळाने आईच्या फोनवरून आवाजाचा निरोप आला, अगदी छोटा. मी तो कानाला लावला. आधी आबा खाकरले. मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, माय."